पत्रकार लुई ब्लाँ व पॅरिसचे राष्ट्रीय कारखाने

वर्तमानपत्रांतून सरकारास रोज शहाणपण शिकविणाऱ्या गृहस्थाच्या हातीं एके दिवशीं खरोखरच सरकारचीं सूत्रें आलीं, तर तो काय करील? प्रश्न थट्टेचा वाटतो. परंतु फ्रान्स देशांत इ. स. १८४८ च्या फेब्रुवारी महिन्यांत तो प्रत्यक्ष उभा राहिला. राजा पळाला, पॅरिसच्या नगरभवनांत हंगामी सरकार स्थापन झालें, आणि त्याच्या अकरा सभासदांपैकीं तिघे तर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून उठून तेथें आलेले होते. त्या तिघांपैकीं एक लुई ब्लाँ. वय छत्तीस, शरीरानें इतका ठेंगणा कीं, दुरून पाहणारास शाळकरी मुलगाच वाटावा, परंतु पॅरिसच्या मजूरवस्तींत त्याचें नांव ठाऊक नाहीं असें घर विरळा.

कित्येक जुन्या इतिहासग्रंथांत ह्या मनुष्याची बोळवण एका ओळींत केलेली आढळते. राष्ट्रीय कारखाने काढून फ्रान्सचा खजिना रिता करणारा व शेवटीं रस्त्यावर रक्ताचा सडा पाडण्यास कारण झालेला समाजवादी, अशी ती ओळ असते. वस्तुस्थिति अशी आहे कीं, ते कारखाने त्यानें काढले नाहींत, चालविले नाहींत, आणि त्यांचा चालक त्याच्याशीं कधीं बोललाही नव्हता. मग हें सारें त्याच्या नांवावर कसें पडलें, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

लुई ब्लाँ फ्रेंच खरा. पण त्याचा जन्म २९ ऑक्टोबर १८११ रोजीं स्पेनच्या माद्रिद शहरीं झाला. त्या वेळीं नेपोलियनचा भाऊ जोसेफ हा स्पेनच्या गादीवर होता, व ब्लाँचा बाप त्याच्या पदरीं खजिन्याकडील अधिकारी होता. नेपोलियनचें राज्य बुडालें तेव्हां ही नोकरीही बुडाली. लुई व त्याचा धाकटा भाऊ शार्ल हे दोघे दक्षिणेंतील रोदेझ गांवच्या विद्यालयांत शिकले. १८३० सालीं पॅरिसांत क्रांति होऊन राजा बदलला, आणि त्याच गडबडींत ह्या कुटुंबाची उरलीसुरली मिळकतही गेली. एकोणीस वर्षांचा लुई पॅरिसांत आला तो रिकाम्या खिशानें. कोणाच्या मुलास शिकव, कोठें नकला उतरून दे, कोठें वकिलाच्या कचेरींत बैस, असे दिवस त्यानें काढिले.

पुढें आरास नांवाच्या उत्तरेकडील शहरीं एका यंत्रकारखानदाराच्या घरीं त्यास शिकवणी मिळाली, व तेथें तो सुमारें दोन वर्षें राहिला. ह्या दोन वर्षांस आम्ही फार महत्त्व देतों. मालकाच्या मुलास वाड्यांत धडा द्यावयाचा आणि खिडकींतून कारखान्याच्या फाटकाकडे पाहावयाचें, अशी दोन्ही बाजूंची माहिती त्यास एकाच जागीं झाली. तेथल्याच एका प्रांतिक पत्रांत तो लिहूं लागला. १८३४ सालीं पॅरिसास परत आल्यावर ‘ल बाँ सांस’ नामक पत्रांत त्याचा प्रवेश झाला, व थोड्याच काळांत तो त्याचा मुख्य संपादक झाला.

१८३८ सालीं फ्रान्सांत आगगाडीचे रस्ते कोणीं बांधावे, खासगी कंपन्यांनीं कीं सरकारनें, हा वाद पेटला. ब्लाँचें मत सरकारनें बांधावे असें होतें; पत्राच्या मालकांचें मत तसें नव्हतें. मत गिळून पगार घेण्यापेक्षां त्यानें जागा सोडिली, आणि पुढच्याच वर्षीं ‘रेव्ह्यू द्यु प्रोग्रे’ म्हणजे प्रगतीचें मासिक ह्या नांवाचें स्वतःचें नियतकालिक काढिलें. आमच्या ज्या विद्यार्थ्यांस ह्या वार्षिकांत आपलें नांव छापून आलेलें पाहण्याची हौस आहे, त्यांनीं हा प्रसंग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

ह्याच मासिकांत त्याचा तो प्रसिद्ध निबंध आला, व लवकरच ‘श्रमाची संघटना’ अशा अर्थाच्या नांवानें त्याचें लहानसें पुस्तक झालें. पुस्तक लहान व भाषा सोपी, म्हणून तें मजुराच्या हातीं पोंचलें आणि दहा वर्षांत त्याच्या आवृत्तींमागून आवृत्ति निघाल्या. त्यांतील मुख्य विचार एका उदाहरणानें कळतो. एका मालकास एक मजूर पाहिजे. दाराशीं तिघे उभे. पहिल्यास बायकामुलें आहेत, म्हणून तो तीन फ्रँक मागतो. दुसऱ्यास बायको आहे पण मूल नाहीं. तो अडीच फ्रँकांवर येण्यास तयार आहे. तिसरा एकटा, त्यास दोन फ्रँक पुरतात. काम कोणास मिळणार हें सांगावयास नको. आतां उरलेल्या दोघांचें काय? ते उपाशी मरतील, चोरी करतील, किंवा उद्यां त्याहूनही कमी दरानें येऊन तिसऱ्यास घालवितील. ज्याच्या घरीं खाणारीं तोंडें अधिक, त्यासच काम नाहीं, असा ह्या लिलावाचा न्याय आहे. आमच्या पालकवर्गापैकीं ज्यांनीं मोठ्या शहरांत सकाळीं नाक्यावर उभे असलेले मजूर पाहिले असतील, त्यांस हें उदाहरण परकें वाटणार नाहीं.

दोष दाखविणारे लेखक पुष्कळ असतात. ब्लाँनें उपायही सांगितला. सरकारनें कर्ज काढून प्रत्येक मुख्य धंद्यांत एकेक सामाजिक कारखाना उभारावा. पहिल्या वर्षीं अधिकारी सरकारनें नेमावे. पुढें कामकऱ्यांस एकमेकांची ओळख पटली कीं, त्यांनीं ते आपल्यांतून निवडावे. वर्षाअखेर जो नफा उरेल त्याचे तीन वाटे करावे. पहिला सर्व कामकऱ्यांस सारखा द्यावा. दुसऱ्यांतून म्हातारे, आजारी व लुळेपांगळे ह्यांचा सांभाळ करावा, व एखादा धंदा अडचणींत आल्यास त्यास हात द्यावा. तिसऱ्यांतून नव्या येणारांसाठीं अवजारें घ्यावीं, म्हणजे कारखाना आपोआप वाढत जाईल. भांडवलवाल्यास पैसे घालावयाचे असले तर त्यानें घालावे व त्यावर व्याज घ्यावें. नफ्याचा वाटा मात्र हातानें काम करील तरच मिळेल. धाकदपटशा कोणावर नाहीं. चांगला माल स्वस्त देऊन हे कारखाने खासगी धंद्यास हळूहळू आपल्याकडे ओढून घेतील, अशी त्याची कल्पना होती.

ह्या योजनेंत अवघड जागा आहेत, हें आम्ही झांकीत नाहीं. आळशी मनुष्याचें काय करावयाचें, असें विरोधक विचारीत. ब्लाँचें उत्तर असें कीं, भावांच्या मंडळींत जो काम चुकवितो तो चोर समजावा, अशी पाटी कारखान्यांत लावावी, म्हणजे लाजेनें तो सुधारेल. शाळेंत वीस वर्षें घालविलेल्या कोणाही मास्तरास पाट्यांवर एवढा विश्वास टाकवणार नाहीं. परंतु योजना खोटी कीं खरी, हें ती करून पाहिल्यावांचून ठरत नाहीं. आणि पुढें जें घडलें त्यांत ती करून पाहण्यांतच आली नाहीं.

१८४० नंतरचीं वर्षें ब्लाँनें लेखनांत घालविलीं. १८३० पासूनच्या दहा वर्षांचा इतिहास त्यानें पांच भागांत लिहून राजा लुई फिलिपच्या कारभाराची लक्तरें उजेडांत मांडलीं. ह्या राजाच्या अमदानींत साडेतीन कोटि लोकांच्या देशांत मताचा अधिकार होता सुमारें अडीच लाख लोकांस. कर भरणाऱ्या श्रीमंतांखेरीज कोणास मत नव्हतें. १८४६ सालीं पिकें बुडालीं, भाकरी महागली, पाठोपाठ कारखाने बंद पडूं लागले. विरोधकांस सभा भरविण्याची बंदी, म्हणून ते मेजवान्या भरवीत व तेथें भाषणें करीत. अशी एक मेजवानी सरकारनें बंद केली, त्यावरून २२ फेब्रुवारी १८४८ रोजीं पॅरिसांत दंगा उसळला, आणि २४ तारखेस राजानें गादी सोडिली.

नवें सरकार कसें बनलें हें पाहण्याजोगें आहे. ‘ल नास्योनाल’ हें सौम्य प्रजासत्ताकवाद्यांचें पत्र व ‘ला रेफॉर्म’ हें जहाल पक्षाचें पत्र, ह्या दोन कचेऱ्यांत नांवांच्या याद्या तयार झाल्या. लामार्तीन हा कवि, अरागो हा ज्योतिषशास्त्रज्ञ, मारी हा वकील, अशीं मोठीं नांवें मुख्य यादींत होतीं. ब्लाँ, दुसरे दोन संपादक व आल्बेर नांवाचा एक कामगार ह्यांस आरंभीं केवळ ‘चिटणीस’ म्हणून बसविण्यांत आलें. मग दोनचार दिवसांत तो शब्द गळाला. हें ‘चिटणीस’ प्रकरण क्षुल्लक दिसतें. परंतु आपले सहकारी आपणांस किती जागा देण्यास तयार आहेत, हें ब्लाँस त्याच दिवशीं कळावयास हवें होतें.

२५ फेब्रुवारीस मजुरांचा जमाव नगरभवनावर आला. हातांत बंदूक घेतलेला एक कामगार थेट सरकारच्या बैठकींत शिरला व कामाचा हक्क मान्य करा, म्हणून त्यानें मागणें घातलें. लामार्तीननें गोड भाषण आरंभिलें. कामगार म्हणे, भाषणें पुरेत. तेव्हां ब्लाँ खिडकीच्या कोनाड्यांत गेला व तेथेंच त्यानें फर्मानाचा मसुदा लिहून काढिला. मजुराचें अस्तित्व श्रमानें चालावें ह्याची हमी प्रजासत्ताक सरकार घेत आहे, व प्रत्येक नागरिकास काम देण्याचें बंधन तें आपणांवर घालून घेत आहे, असा त्याचा आशय होता. नऊ वर्षें छापून होत असलेला एका पत्रकाराचा विचार काहीं मिनिटांत राज्याचें वचन झाला. पैसे कोठून येणार, हें त्या कागदावर लिहिलेलें नव्हतें.

तीन दिवसांनीं पुन्हां मोर्चा आला. ह्या खेपेस मागणी होती श्रमखात्याचा स्वतंत्र मंत्री नेमण्याची. सहकाऱ्यांनीं ती नाकारली. ब्लाँ राजीनामा देण्यास उठला. तेव्हां अरागोनें त्याची समजूत घातली व तोडगा काढिला कीं, मजुरांच्या स्थितीचा विचार करण्यासाठीं एक मंडळ नेमावें, ब्लाँ त्याचा अध्यक्ष व्हावा, व मंडळाची बैठक लुक्संबूर राजवाड्यांत भरावी. ब्लाँनें तें पत्करिलें. खातें नाहीं, अधिकार नाहीं, खजिन्यांतून एक फ्रँक उचलण्याची सोय नाहीं, असें हें अध्यक्षपद होतें. आमच्या मतें त्याच्या आयुष्यांतील मोठी चूक ती हीच. दहा वर्षांपूर्वीं संपादकाची जागा ज्यानें झटक्यासरशीं सोडिली, त्यास मंत्रिमंडळाची खुर्ची सोडवली नाहीं. त्याच्या बाजूनें इतकें म्हणतां येईल कीं, त्यानें त्या दिवशीं राजीनामा दिला असता तर कदाचित् संध्याकाळपूर्वींच गोळीबार झाला असता. आणि ही भीति त्याच्या मनांत होती.

तरी लुक्संबूरचें मंडळ अगदींच निष्फळ ठरलें असें नाहीं. १ मार्च रोजीं त्याची पहिली बैठक भरली. ज्या गाद्यांवर कालपर्यंत सरदार बसत होते, त्यांवर शिंपी, पाथरवट, सुतार आपल्या कामाच्या कपड्यांनिशीं बसले. दुसऱ्याच दिवशीं सरकारनें फर्मान काढून कामाचा दिवस पॅरिसांत १० तासांचा व बाहेरगांवीं ११ तासांचा केला, आणि मजुरांकडून उक्तें काम कमी दरांत पिळून घेणाऱ्या मधल्या मुकादमांस बंदी केली. कित्येक धंद्यांतले मालक व कामगार ह्यांचे तंटे ब्लाँनें समोरासमोर बसवून मिटविले. शिंप्यांची एक सहकारी मंडळी क्लिशी येथील जुन्या कर्जदारांच्या तुरुंगांत स्थापून तीस राष्ट्रीय रक्षकदलाचे गणवेष शिवण्याचें काम त्यानें मिळवून दिलें. तेथें सर्वांस मजुरी सारखी होती. त्याच्या मनांतील सामाजिक कारखान्याशीं खरें नातें असलेली वस्तु ती ही.

आतां राष्ट्रीय कारखान्यांकडे वळूं. ते काढण्याचें फर्मान २६ फेब्रुवारीस निघालें, व ते ठेविले बांधकामखात्याचा मंत्री मारी ह्याच्या हाताखालीं. मारी हा ब्लाँच्या विचारांचा उघड शत्रु होता. चालक म्हणून त्यानें एमील तोमा नांवाचा तरुण अभियंता नेमिला. तोमानें मजुरांची रचना फौजेप्रमाणें केली. अकरा जणांची तुकडी, अशा पांच तुकड्यांवर एक नायक, त्यावर आणखी वरिष्ठ. रचना होती, काम मात्र नव्हतें. शिंपी, घड्याळजी, जवाहिरे, छापखानेवाले, सारे एकाच प्रकारच्या मातीकामावर. शाँ द मार्स मैदानाची माती इकडून तिकडे टाकावयाची. काम असेल त्या दिवशीं दोन फ्रँक, नसेल त्या दिवशीं एक. आमच्या इकडे दुष्काळी कामावर खडी फोडावयास लावतात, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, खडीचा निदान रस्ता होतो. मार्चच्या आरंभीं काहीं हजार असलेले मजूर जूनपर्यंत एक लाखावर गेले.

ब्लाँच्या योजनेंत प्रत्येकास आपआपल्या धंद्याचें काम, मजुरांची निवड, नफ्यांत वाटणी. येथें ह्यांपैकीं एकही गोष्ट नाहीं. नांवांत मात्र ‘कारखाना’ हा शब्द तोच ठेविला होता. हा केवळ योगायोग होता काय? तोमानें त्याच वर्षीं ह्या कारखान्यांचा इतिहास छापिला. मारीनें आपणांस एकांतांत विचारलें कीं, हे लोक तुझ्या हातांत आहेत ना? पैशाकडे पाहूं नको, ह्यांस रस्त्यावर उतरविण्याचा दिवस कदाचित् दूर नाहीं, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. रस्त्यावर कोणाविरुद्ध? लुक्संबूरच्या मजुरांविरुद्ध. चौकशी समितीपुढें तोमानें असेंही सांगितलें कीं, लुई ब्लाँशीं आपलें कधीं बोलणेंसुद्धां झालें नाहीं. वर्गांत हा भाग वाचून दाखविला म्हणजे मुलें विचारतात कीं, मग ब्लाँनें वर्तमानपत्रांत खुलासा कां केला नाहीं? खुलासे त्यानें केले. परंतु खुलासा वाचणारे थोडे, आणि मैदानावर फावड्यास टेकून उभे असलेले मजूर दिसत होते सर्वांस.

खेड्यांपर्यंत ही वार्ता पोंचविण्याचें काम एका करानें केलें. मार्चच्या मध्यास सरकारनें थेट करांवर दर फ्रँकामागें ४५ सांतीम जादा बसविले. शेतकऱ्यानें आपल्या मनाशीं हिशेब केला कीं, आपल्या घामाचा पैसा पॅरिसांतील आळशांस बसवून खाऊं घालण्यांत जात आहे. ५ मार्चच्या फर्मानानें प्रत्येक प्रौढ पुरुषास मताचा अधिकार मिळाला होता. २३ एप्रिल रोजीं त्या शेतकऱ्यानें आयुष्यांत प्रथमच मत दिलें, आणि तें समाजवाद्यांविरुद्ध दिलें.

येथें आमच्या प्रांतांतील एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. महाराष्ट्रांत १९७२ च्या मोठ्या दुष्काळांत रोजगार हमी योजना सुरू झाली, व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. वि. स. पागे ह्यांनीं तिचा पाठपुरावा केला. तिनें ब्लाँपासून धडा घेतला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तेथें व येथें प्रश्न तोच होता, मागेल त्यास काम देण्याचें वचन राज्यानें द्यावें काय? आणि येथें वचनाबरोबर पैशाचीही तजवीज झाली. १९७५ सालीं शहरांतील नोकरदार व धंदेवाले ह्यांवर व्यवसाय कर बसवून खेड्यांतील कामाचा खर्च त्यांतून काढण्यांत आला. पॅरिसांत ह्याच्या उलट झालें. शहरासाठीं कर आपणांवर बसला, असें खेड्यास वाटलें.

नव्या लोकसभेंत ब्लाँ पॅरिसांतून निवडून आला खरा. पण शहराच्या ३४ प्रतिनिधींत त्याचा क्रमांक बराच खालीं लागला. १० मे रोजीं त्यानें श्रमखात्याची मागणी सभेपुढें पुन्हां मांडली. ती फेंटाळण्यांत आली. १५ मे रोजीं जमाव सभागृहांत घुसला. ब्लाँनें त्यांस परत जाण्याविषयीं विनविलें. त्यांनीं त्यासच खांद्यावर उचलून मिरविलें. ह्या नकोशा मिरवणुकीचें प्रायश्चित्त त्यास पुढें भोगावें लागलें.

२१ जून रोजीं हुकूम निघाला. राष्ट्रीय कारखान्यांतील १८ ते २५ वर्षांच्या अविवाहितांनीं फौजेंत भरती व्हावें. बाकीच्यांनीं सरकार धाडील त्या प्रांतीं मातीकामास जावें. चार महिन्यांपूर्वीं कामाची हमी घेणाऱ्या सरकारचा हा हुकूम होता. २३ जूनला पॅरिसच्या पूर्व भागांतल्या गल्लोगल्लीं दगडांचे व गाड्यांचे अडथळे उभे राहिले. सेनापति कावेन्याक ह्यानें तोफा आणिल्या. चार दिवस लढाई चालली. हजारो माणसें मेलीं किंवा पुढें हद्दपार झालीं. २५ तारखेस पॅरिसचे आर्चबिशप आफ्र हे रक्तपात थांबविण्याच्या इच्छेनें, हातीं शस्त्र नसतां, एका अडथळ्यावर चढले. तेथें गोळी लागून दोन दिवसांनीं त्यांचा अंत झाला. गोळी कोणत्या बाजूनें आली ह्याविषयीं त्या काळीं भांडणें झालीं. आम्हांस तो वाद नको. दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांत ज्यास कोणाशींच लढावयाचें नव्हतें असा तो एक मनुष्य होता.

ह्या दंग्यांत ब्लाँचा हात नव्हता. तथापि २६ ऑगस्ट रोजीं पहाटेपर्यंत चाललेल्या बैठकींत सभेनें त्याच्यावर खटला भरण्यास संमति दिली. तो त्याच वेळीं निसटला व बेल्जमवरून लंडनास गेला. पुढें त्याच्या गैरहजेरींत त्यास हद्दपारीची शिक्षा झाली. लुक्संबूरचें मंडळ संपलेंच होतें; दहा तासांचें फर्मानही सप्टेंबरांत रद्द होऊन त्याजागीं १२ तासांची मर्यादा आली.

लंडनांत तो बावीस वर्षें राहिला. ब्रिटिश म्यूझियममध्यें फ्रेंच क्रांतीच्या काळचीं चोपडीं व पत्रकें ढिगांनीं होतीं. तीं चाळून त्यानें त्या क्रांतीचा बारा भागांचा इतिहास १८६२ सालीं पुरा केला. पोटासाठीं पुन्हां जुनाच धंदा धरला, आणि इंग्लंडांतील घडामोडींचीं पत्रें फ्रेंच वर्तमानपत्रास लिहूं लागला. १८५९ सालीं तिसऱ्या नेपोलियननें हद्दपारांस माफी दिली. ब्लाँनें ती घेतली नाहीं.

त्याची कल्पना मात्र त्याच्या आधींच इंग्लंडास पोंचली होती, आणि ती पोंचविणाराचा जन्म आपल्या देशांतला आहे. जॉन माल्कम लडलो ह्याचा जन्म १८२१ सालीं हिंदुस्थानांत नीमच येथें झाला व शिक्षण पॅरिसांत झालें. १८४८ ची क्रांति त्यानें डोळ्यांनीं पाहिली, व पुढच्या वर्षीं पॅरिसांतील कामकऱ्यांच्या सहकारी मंडळ्या हिंडून पाहिल्या. परत येऊन त्यानें धर्मोपदेशक मॉरिस व किंग्जली ह्यांच्या साह्यानें १८५० सालीं लंडनांत शिंप्यांची सहकारी मंडळी काढिली. अशा मंडळ्यांस संरक्षण देणारा १८५२ चा इंग्लंडांतील कायदा करून घेण्यांत ह्या ख्रिस्ती समाजवाद्यांचा मोठा वाटा आहे. पुढें १८७५ पासून लडलो हा परस्पर साह्यकारी मंडळ्यांचा मुख्य निबंधक होता. आणि १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा जो पहिला कायदा झाला, त्याचा नमुना अशा मंडळ्यांच्या इंग्रजी कायद्यावरूनच घेतला होता. गांवच्या सोसायटीचे सभासद असलेल्या आमच्या पालकांस ह्या लांबच्या नात्याची गंमत वाटेल.

सप्टेंबर १८७० मध्यें तिसऱ्या नेपोलियनचें राज्य कोसळल्यावर ब्लाँ मायदेशीं परतला. फेब्रुवारी १८७१ च्या निवडणुकींत पॅरिसकरांनीं त्यास दोन लाख सोळा हजारांवर मतें देऊन व्हिक्टर ह्यूगोच्याही पुढें, पहिल्या क्रमांकानें निवडून दिलें. परंतु पुढच्याच महिन्यांत पॅरिसांत कम्यून उभें राहिलें, तेव्हां तो बंडखोरांकडे गेला नाहीं. व्हर्सायच्या लोकसभेंत आपल्या जागींच बसून राहिला. जून १८४८ चें रक्त ज्यानें पाहिलें त्यास दुसऱ्या यादवीची भीति वाटली, ह्यांत नवल नाहीं. ज्या मजुरांनीं त्याचें पुस्तक उशाशीं घेऊन दिवस काढिले होते, त्यांच्यापैकीं कित्येकांनीं मात्र त्यास ह्याबद्दल कधींच क्षमा केली नाहीं. त्यानें बंडास पाठिंबा दिला नाहीं, पण बंडखोरांस विसरलाही नाहीं; हद्दपार झालेल्या कम्यूनवाल्यांस माफी मिळावी म्हणून तो सभेंत वर्षानुवर्षें झगडला, आणि १८७९ सालीं त्यांच्यापैकीं बऱ्याच जणांस ती मिळाली. सरकारनें नाकारलेल्या बाकीच्यांसाठीं त्याचें मागणें पुढच्या वर्षीं सर्वांस माफी मिळेपर्यंत चालूच होतें.

लुई ब्लाँ ६ डिसेंबर १८८२ रोजीं भूमध्यसमुद्राकांठच्या कान शहरीं वारला. त्याचें शव आगगाडीनें पॅरिसास आणण्यांत आलें, व १२ तारखेस सरकारी खर्चानें पेर लाशेझच्या स्मशानभूमींत पुरण्यांत आलें.